चालतंय ना? मग हात लावू नका!

मराठीतलं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. पण कुणी विचारलंच तर अडचण नको म्हणून उत्तर तयार ठेवलं आहे. ‘चालतंय ना? मग कशाला हात लावताय?’ हे ते वाक्य. या एका वाक्याच्या जोरावर आपल्याकडे पंखे खडखडत फिरतात, वाड्यांचे जिने करकरत उभे राहतात आणि स्कूटरी तिरक्या केल्यावरच चालू होतात. घरातल्या मिक्सरपुरतं हे तत्त्वज्ञान मला मान्य आहे. मिक्सर बंद पडला तर फार तर चटणी पाट्यावर वाटावी लागते, आणि ती वाटणारा मी नसतो. पण हेच वाक्य एखाद्या डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत कानावर आलं की माझं पित्त खवळतं. आज ते खवळलेलंच आहे, तेव्हा बोलून घेतो.

आमच्या गावात एक पतसंस्था आहे. निवृत्तीनंतर माणूस रिकामा दिसला की त्याला कुठल्या तरी समितीवर घेतात, या न्यायानं मला तिच्या संगणक समितीवर घेण्यात आलं. पात्रता एवढीच, की उभी नोकरी मी संगणक विभागात काढली. समितीचं काम वर्षातून दोनदा जमून कांदेपोहे खाणं आणि ‘संगणकीकरण समाधानकारक आहे’ असा ठराव करणं. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, ‘सर्व्हर दाखवता का?’ पोह्यांवर खोबरं कमी आहे म्हणाल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सर्व्हर एका खोलीवजा कपाटात होता. शेजारी पाण्याचा माठ. वर संस्थापकांची तसबीर. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्या अंगावर होता, आणि तो मागच्या दसऱ्याचा की त्याच्याही मागच्या, यावर शिपाई आणि मॅनेजर यांचं एकमत होईना. यंत्र २०१२ सालचं. आत डेटाबेस मायएसक्यूएल, आवृत्ती ५.५. ही आवृत्ती बाजारात आली २०१० च्या डिसेंबरात, आणि कंपनीनं तिची देखभाल थांबवली २०१८ च्या डिसेंबरात. म्हणजे त्यानंतर तिच्यात कसलंही भोक सापडलं, तरी ते बुजवायला कुणी येणार नव्हतं. आमचे अध्यक्ष डोकेदुखीच्या गोळीवरची तारीख उलटून एक दिवस झाला तरी ती गोळी गटारात टाकतात. पण सहा शाखांतल्या ठेवीदारांचा हिशेब मुदत संपलेल्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं ठेवताना त्यांचं डोकं दुखत नव्हतं.

‘अहो, पण काळजी कसली? आपल्याकडे नक्कल आहे!’ अध्यक्ष म्हणाले.

ही नक्कल म्हणजे रेप्लिकेशन. ते काय असतं हे पटकन सांगून टाकतो. मुख्य यंत्रावर जी जी नोंद होते, ती एका रोजकीर्दीत लिहिली जाते. ती रोजकीर्द दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या यंत्राकडे सतत जात असते. तिथे दोन कारकून बसलेले असतात असं समजा. पहिला आलेले कागद उतरवून घेतो, दुसरा ते वाचून खातेवहीत चढवतो. मुख्य यंत्र पडलं तर हे दुसरं यंत्र उभं राहणार, अशी सोय. शिवाय मुख्य यंत्रावरचा भार कमी व्हावा म्हणून आमच्या शाखा शिल्लक बघतात आणि पासबुक छापतात ते या नकलेवरून.

आता गंमत बघा. मुख्य यंत्रावर सहा शाखांतले सगळे लोक एकदम नोंदी करतात. तिथे जणू वीस हात लिहीत असतात. पण ५.५ आवृत्तीत नकलेकडचा तो दुसरा कारकून एकच असतो. वीस हातांनी लिहिलेलं एका हातानं उतरवायचं! एरवी तो कसाबसा पुरा पडतो. पण एक तारखेला व्याजाच्या नोंदी सुरू झाल्या की तो जो मागे पडतो, तो दुपारपर्यंत तीन-तीन तास मागे. म्हणजे दुपारी एक वाजता नकलेच्या घड्याळात सकाळचे दहाच वाजलेले असतात.

एका एक तारखेला मी स्वतः शाखेत हजर होतो. पेन्शनीत निघालेले एक आजोबा सकाळी वीस हजार रुपये भरून, बाजारहाट आटोपून, पासबुक छापायला परत आले. पासबुकात वीस हजार नाहीत. खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘काका, अजून दिसत नाहीयेत. दुपारी या.’ आजोबा म्हणाले, ‘बाळ, मी भरलेत ना पण? तूच घेतलेस की!’ ती म्हणाली, ‘हो काका, मीच घेतलेत, पण दिसत नाहीयेत.’ आजोबा बाकावर जाऊन बसले. हातातली पावती चार वेळा उलटसुलट करून बघितली. दुपारी या म्हटलं तरी ते उठले नाहीत. तीन वाजता ‘दिसले’ तेव्हाच उठले.

संगणक विभागाच्या भाषेत याला ‘लॅग’ म्हणतात. बाकावर बसलेल्या माणसाच्या भाषेत त्याला काय म्हणतात, हे ज्यानं पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या वाचल्या आहेत त्याला विचारा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं छत्र असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. तिथे माणसाच्या हातात असते पावती आणि डोक्यात असतो विश्वास. तो विश्वास तीन तास मागे ठेवायचा, आणि वर म्हणायचं ‘चालतंय ना?’

बरं, या दुखण्यावर औषधच नसतं तर मीही गप्प बसलो असतो. गप्प बसणं मला जमतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत. पण औषध कधीचं निघालंय! २०१३ च्या ५.६ आवृत्तीत एकाच्या जागी अनेक कारकून बसवायची सोय झाली. मात्र अट अशी, की प्रत्येक कारकुनाला वेगळा डेटाबेस हवा. आमचा डेटाबेस एकच, म्हणजे आमच्यासाठी ते पाच वाढपी आणि एकच पंगत. २०१५ च्या ५.७ आवृत्तीत सुधारणा झाली, की मुख्य यंत्रावर ज्या नोंदी बरोबरीनं पक्क्या झाल्या, त्या नकलेवरही बरोबरीनं चढवता येतील. आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीत अक्कल आणखी वाढली. दोन नोंदी वेगवेगळ्या ओळींना हात लावत असतील, तर त्या वेगवेगळ्या कारकुनांना द्यायला हरकत नाही, एवढं यंत्राला कळू लागलं. आजोबांची ठेव आणि सरपंचांचं कर्ज यांचा एकमेकांशी काय संबंध? एकानं दुसऱ्यासाठी रांगेत का थांबावं? ही गोष्ट यंत्राला कळायला अठरा वर्षं लागली. आमच्या समितीला त्यापुढे आणखी किती लागणार, एवढाच प्रश्न होता.

दुसरं दुखणं याहून वाईट. जुन्या पद्धतीत मुख्य यंत्र नकलेला निकाल कळवत नाही, कृती कळवते. ‘अमुक करा’ असा हुकूम जातो आणि नकलेनं तो आपल्या घरी शिजवायचा. आता स्वयंपाकाच्या पुस्तकातली कृती ज्यानं एकदा तरी करून पाहिली आहे, त्याला यातला धोका सांगायला नको. ‘चवीपुरतं मीठ’ या एका शब्दावर दोन घरांतल्या आमट्या वेगळ्या होतात. डेटाबेसच्या हुकुमांतही असं चवीपुरतं मीठ असतं. ‘यातल्या कुठल्याही शंभर ओळी उचला’ असा हुकूम गेला, तर इकडे उचललेल्या शंभर आणि तिकडे उचललेल्या शंभर त्याच असतील याची हमी नाही. ५.७ पासून मूळ पद्धतच बदलली. आता कृतीऐवजी थेट आमटीच डब्यातून पाठवतात. डबा जड होतो, पण चव तीच राहते.

तिसरं दुखणं विजेचं. ५.५ मधला नकलेचा कारकून आपण कुठपर्यंत लिहिलं, हे खातेवहीत न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवतो. अचानक वीज गेली की खातेवही पुढे आणि चिठ्ठी मागे, अशी अवस्था. वीज आल्यावर तो चिठ्ठी बघून तीच नोंद पुन्हा चढवायला जातो, आणि ‘ही तर आधीच आहे’ म्हणून अडून बसतो. आमच्या तालुक्यात वीज किती वेळा जाते, हे सांगून मी कुणाचा अपमान करू इच्छित नाही. ५.६ पासून ही चिठ्ठी खातेवहीतच ठेवायची सोय झाली, म्हणजे दोन्ही एकदम पुढे सरकतात.

यावर आमच्याकडे उपाय काय होता? सर्व्हरची देखभाल करणारा एक तरुण होता. तो यायचा, एक हुकूम टंकायचा आणि म्हणायचा, ‘काका, झालं चालू.’ मी एकदा त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. हुकुमाचा अर्थ होता, ‘अडलेली नोंद सोडून द्या आणि पुढे चला.’ मी विचारलं, ‘अरे, पण ती नोंद कसली होती?’ तो म्हणाला, ‘एकच तर आहे काका!’

एकच! ती एक नोंद म्हणजे एखाद्या भाजीवालीनं त्या दिवशी पिग्मी एजंटाच्या हातात ठेवलेले पन्नास रुपये असू शकतात. अशा सोडून दिलेल्या ‘एकेक’ नोंदींची बेरीज कुणी केली होती? मुख्य वही आणि नकलेची वही एकदा ओळीनं ताडून पाहावी, असं कुणाच्या मनात आलं होतं? नक्कल ‘चालू’ होती. मागे किती आहे याचा आकडा शून्य दाखवत होता. शून्याचा अर्थ एवढाच, की आलेलं सगळं चढवून झालं. चढवलेलं बरोबर आहे असा नव्हे. परीक्षेत सगळ्यांत आधी पेपर देऊन बाहेर पडणारा मुलगा आठवा, म्हणजे पटेल.

हे सगळं मी समितीपुढे मांडलं. तेव्हा विरोधकांचे तीन पक्ष पुढे आले.

पहिला पक्ष खर्चवाल्यांचा. ‘नवा सर्व्हर म्हणजे केवढा खर्च!’ गेल्या वर्षी याच मंडळींनी वार्षिक सभेला प्रत्येक सभासदामागे एक स्टीलचा डबा वाटला होता. डब्यांचा खर्च सर्व्हरहून जास्त होता. पण डबा घरी नेता येतो. सर्व्हरवर संस्थेचं नाव कोरून सभासदाला देता येत नाही, ही त्याची खरी उणीव.

दुसरा पक्ष ‘नक्कल आहे, आणखी बॅकअपही आहे’ असं म्हणणारांचा. यांना मी गिटलॅबची गोष्ट सांगतो. ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी, म्हणजे आमच्यासारखी माठाशेजारी सर्व्हर ठेवणारी नव्हे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांची नक्कल मागे पडली, इतकी की मूळ रोजकीर्दीची पानंच तिला मिळेनात. नक्कल नव्यानं उभी करावी म्हणून एका थकलेल्या इंजिनिअरनं नकलेचा जुना डेटा पुसायला घेतला, आणि हुकूम दिला तो मुख्य यंत्रावर! दोनएक सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले होते. मग बॅकअप शोधू लागले. बॅकअपचे एकूण पाच मार्ग होते, पण त्या रात्री एकही धड कामाला आला नाही. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ आवृत्तीचा, आणि रोज बॅकअप घेणारं साधन ९.२ आवृत्तीचं! ते रोज रात्री यायचं, आवृत्ती जुळत नाही म्हणून काही न घेता परत जायचं. तक्रारीची ईमेलं पाठवायचं, तीही वाटेतच नाकारली जायची. शेवटी त्याच इंजिनिअरनं भलत्याच कामासाठी सहा तास आधी हातानं काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी सावरली. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

गिटलॅबनं मोठ्या मनानं हे सगळं जाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, म्हणून तुम्हाआम्हाला ते ठाऊक. आपल्याकडे असं झालं असतं तर ‘तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद’ अशी पाटी लागली असती, आणि पाटीवर तारीख घालायला विसरले असते. आणि नक्कल म्हणजे बॅकअप हा तर निव्वळ गोड गैरसमज आहे. मुख्य यंत्रावर कुणी एक तक्ता पुसला, तर आज्ञाधारक नक्कल तो आपल्याकडेही पुसते. ‘नक्की पुसू का?’ असं ती विचारत नाही. नकलेचा गुण तोच आणि दोषही तोच.

तिसऱ्या पक्षाचं म्हणणं मात्र मी आदरानं ऐकलं. ते म्हणाले, ‘नव्यानं काही तरी बिघडतं.’ बिघडतं, अगदी खरं आहे. आमच्या डेटाबेसात बचत गटांचा तक्ता होता आणि त्याचं नाव होतं ‘ग्रुप्स’. ८.० आवृत्तीनं हा शब्द स्वतःसाठी राखून ठेवलेला. त्यामुळे नव्या यंत्रावर बचत गटाच्या पानानं हात वर केले. पासवर्ड तपासायची जुनी पद्धत ८.४ आवृत्तीत मुळातच बंद असते, म्हणून दोन शाखांच्या जुन्या प्रोग्रॅमांना दारातच अडवलं गेलं. शिवाय ५.५ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही. ५.६, ५.७, ८.० अशा यत्ता एकेक करून पास व्हाव्या लागतात. पाचनंतर कंपनीनं सहा आणि सात वगळून एकदम आठ गाठले, पण ही सवलत तिनं स्वतःपुरतीच ठेवली.

पण या तक्रारी कुठे सापडल्या? रंगीत तालमीत! डेटाची प्रत वेगळ्या यंत्रावर घेऊन आम्ही तीन वेळा तालीम केली. नाटकात तलवार म्यानातून निघत नाही, हे तालमीत कळलं तर त्याला अडचण म्हणतात. प्रयोगात कळलं तर विनोद. पतसंस्थेच्या प्रयोगाला हसणारा प्रेक्षक नसतो. ‘बिघडेल’ ही भीती तालीम करण्याचं कारण आहे. प्रयोगच न करण्याचं नाही. आणि न बदलणारालाही बदल चुकत नाही. फक्त त्याचा दिवस तो स्वतः निवडत नाही, जुनं यंत्र निवडतं. यंत्रांना एक तारीख फार आवडते, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता उलट्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावतो. ‘नवं आलं ना? मग टाका आजच!’ म्हणणारे हे उत्साही लोक. गिटहबसारख्या कंपनीनं आपली बाराशेहून अधिक यंत्रं मायएसक्यूएल ८.० वर नेली, त्याला वर्षाहून जास्त काळ लागला. फेसबुकनं तर याच प्रवासासाठी आपल्या सतराशेहून जास्त दुरुस्त्या तपासल्या. कुणी रात्रीत काही केलं नाही. आणि मुदत नव्यालाही असतेच. ८.० ची देखभालही २०२६ च्या एप्रिलपर्यंतच ठरलेली होती, म्हणूनच आम्ही तिच्यावर न थांबता पुढच्या यत्तेत गेलो. सर्व्हर बदलणं म्हणजे घराला रंग देणं आहे. एकदाचं उरकलं असं त्यात नसतं. पुन्हा द्यावा लागणार हे मान्य करूनच डबा उघडायचा.

शेवटी ठराव झाला. २०२५ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, शाखा बंद असताना, बदल झाला. देखभालवाला तरुण, मॅनेजर आणि अस्मादिक सकाळी सातला बसलो. आधी बॅकअप घेतला. तो नुसता घेतला नाही, दुसऱ्या यंत्रावर उघडून त्यातली शिल्लक जुळवून पाहिली. मग एकेक यत्ता चढत गेलो. नक्कल नव्यानं, कोऱ्या वहीवर सुरू केली. तिच्याकडे आता चार कारकून आहेत. काम वाटून घेतात, पण नोंदींचा क्रम मोडत नाहीत. जुनी नक्कल फेकण्याआधी मी हट्टानं मुख्य वहीशी ताडून पाहायला लावली. अकरा ओळी जुळल्या नाहीत. मुख्य वही बरोबर होती, म्हणून कुणाचा पैसा गेला नाही. पण ज्या दिवशी मुख्य यंत्र पडलं असतं, त्या दिवशी त्या अकरा जणांना खिडकीतून काय सांगितलं असतं? ‘दुपारी या’?

पुढच्या एक तारखेला मी मुद्दाम शाखेत जाऊन बाकावर बसलो. पैसे भरलेला माणूस लगेच दुसऱ्या खिडकीवर जाऊन पासबुक छापून घेत होता आणि घरी जात होता. काही म्हणजे काही घडलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अध्यक्ष मला म्हणाले, ‘बघा, आधीही चालत होतं, आताही चालतंय. मग फरक काय पडला?’

फरक एवढाच, की बाकावर मी एकटाच बसलो होतो. संस्थेच्या वार्षिक अहवालात नफा, ठेवी, डबे आणि दिवंगत सभासद यांची नोंद असते. तिच्यात आणखी एक ओळ घालावी, अशी सूचना मी लेखी दिली आहे: ‘या वर्षी सर्व्हर बदलला, नकलेची वही ताडून पाहिली आणि काहीही झालं नाही.’ सूचना पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवली आहे. पोहे आहेतच.